दिवेलागणीचा मिसकॉल

घाटटोला (मार्कंड्याजवळ)
४ ऑक्टोबर २००७

ती. वच्छलाआत्यास,
रीताचा नमस्कार.

घरात मोबाइल असताना ही पोरगी पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. आई तुझा फोन उचलत नाही म्हणून राग धरू नकोस. तुझाच काय, ती कोणाचाच उचलत नाही. फोन वाजला की आधी नाव बघते आणि ते प्रफुलदादाचं नसलं की कापून टाकते. लाइन मोकळी राहिली पाहिजे म्हणते. बाबांचा मासळीवाला फोन लावून लावून थकला, आता तो घाटावर येतच नाही.

तू दादाच्या दहाव्याला निघाली होतीस आणि बाबांनी ऐनवेळी निरोप धाडला की येऊ नको, दहावा थांबवलाय. कारण सांगितलं नव्हतं. ते आज सांगते.

दादाने नवा फोन घेतला तेव्हा जुना फोन आईला दिला होता, हे तुला ठाऊक आहे. आईला आकडे येत नाहीत, म्हणून त्याने तिला घंटीची भाषा शिकवली. एक घंटी वाजून बंद झाली की डोंगा काठाला लागला, भात टाक आणि टोपली घेऊन घाटावर ये. दोन वाजल्या की उशीर आहे. आणि तिला काळजी वाटली तर तिनेही हिरवं बटण दाबून एक घंटी द्यायची, म्हणजे तो उत्तर देईल. फोन भिजू नये म्हणून तो झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवायचा, झाकणावर सायकलच्या ट्यूबचं रबर आवळायचा आणि बरणी कमरेला बांधायचा. आम्ही त्याला चिडवायचो की उद्या बायको आली की तिला एवढं जपलंस तरी पुरे.

ऑगस्टमध्ये नदीला वरून एकदम पाणी आलं. इथे पाऊस नव्हता, ऊन पडलेलं होतं, त्यामुळे घाटावर कोणालाच कळलं नाही. डोंगा पुढच्या गावाला उलटा सापडला, दादा सापडला नाही. आई मात्र रोज दिवेलागणीला त्याच्या नंबरवर एक घंटी देत राहिली. आम्ही तिला अडवलं नाही. वाटलं, दहावा झाला की थांबेल.

दहाव्याची तयारी चालू होती. सामान आणून ओसरीत ठेवलं होतं. आईने तिन्हीसांजेला नेहमीसारखी घंटी दिली आणि थोड्या वेळाने तिच्या हातातला फोन वाजला. एकदाच वाजला. आईला वाचता येत नाही, पण दादाच्या नावाचा आकार ती ओळखते. मी वाकून पाहिलं तर खरंच 'प्रफुल' होतं. आईने चुलीवर भात टाकला, टोपली घेतली आणि घाटावर गेली.

तेव्हापासून रोज हेच चाललं आहे. ती घंटी आल्याशिवाय जेवत नाही. फोन पिशवीत घालून गळ्यात बांधलाय. लाइट गेली की चार्ज करायला जनरेटरवाल्या पिठाच्या गिरणीवर जाऊन बसते. रोज मोठ्या आशेने जाते आणि रिकामी टोपली घेऊन येते. मला भीती वाटते, आत्या. घंटी आली तरी वाटते आणि यायला उशीर झाला तरी वाटते.

तुझी,
रीता


नागभीड
१५ ऑक्टोबर २००७

चि. रीतास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग देवापाशी ठेवलं.

आमच्याकडे अगदी उलटं आहे बघ. सुरेंद्रने मोबाइलचं दुकान टाकल्यापासून घरातली जिवंत माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालीत. आचल स्वयंपाकघरातून नवऱ्याला मेसेज करते की जेवायला या. तो पलीकडच्या दुकानात बसून ओके पाठवतो आणि येत नाही. मग मलाच उठून जाऊन त्याचा कान धरावा लागतो. बाजारातली पोरं दिवसभर अनोळखी नंबरांना मिसकॉल देत बसतात, कुठूनतरी एखाद्या पोरीचा आवाज येईल म्हणून. सगळ्यांनाच कोणाचीतरी घंटी हवी आहे.

आता एक विचारते, रागावू नकोस. तो मिसकॉल तू तर देत नाहीस ना? सुरेंद्र म्हणतो, हरवलेला नंबर नव्या कार्डावर परत मिळतो. चामोर्शीला कॉलेजात जातेस, तुला ते जमण्यासारखं आहे. आईचं जेवण सुटलं म्हणून तू तसं केलं असशील तर मी तुला दोष देणार नाही. तुझ्या जागी मी असते तर माझाही हात गेला असता. पण भुकेल्या पोराला नुसता चहा पाजून झोपवावं तसं आहे ते. आज झोपेल, पण उद्या त्याच्या अंगात काय राहील?

खरं काय ते लिही. नंबरही पाठव, सुरेंद्र लावून बघेल. रामाभाऊला सांग, बहिणीची आठवण येत असेल तर पोस्टकार्ड अजून मिळतं.

तुझी आत्या,
वच्छला


घाटटोला
२ नोव्हेंबर २००७

ती. आत्यास नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी रडले. मी नाही देत. दादाची शपथ घेते.

उलट मीच शोधायला गेले होते. कॉलेजच्या दिवशी चामोर्शीच्या एसटीडी बूथवरून मी दादाचा नंबर लावला. खूप वेळ वाजत राहिला. ठेवणार तेवढ्यात कोणीतरी उचलला. मी काहीच बोलले नाही आणि पलीकडूनही कोणी बोललं नाही. मागे पाण्याचा आवाज येत होता, डोंग्याला पाणी थापटतं तसा. आणि कोणीतरी श्वास घेत होतं. माझ्या तोंडून "दादा" एवढंच निघालं आणि फोन बंद झाला. बूथवाल्याने विचारलं, पोरी, बरं नाही का. मी घरी कोणाला सांगितलं नाही, तुलाच सांगते आहे.

त्या दिवशीही दिवेलागणीला घंटी आली, काही झालंच नाही अशी. मी आईच्या मागोमाग घाटावर गेले. तिथे आता त्या वेळी कोणी नसतं. शेजारच्या सुगंधाबाईने सगळ्या बायांना सांगून ठेवलंय की ते प्रेत आहे, पाणी मागतंय, फोन वैनगंगेत टाका म्हणजे सुटेल. बाया आता उन्हं असतानाच पाणी भरून जातात. आई पायरीवर उभी राहते, टोपली कमरेवर घेऊन. मी म्हटलं, आई, चल, अंधार पडला. ती म्हणाली, "थांब ना. डोंगा बांधून राह्यला असन."

आणि आत्या, मीही थांबले. का ते कळत नाही. तिथे उभं राहिलं की पाण्याकडे पाठ करवत नाही.

नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. आईची तब्येत आहे तशीच आहे. काल प्रफुलदादाने घंटी जरा लवकर दिली, त्यामुळे भात वेळेवर झाला आणि ती पोटभर जेवली.

तुझी,
रीता


नागभीड
२० नोव्हेंबर २००७

चि. रीतास आशीर्वाद.

तुझ्यावर संशय घेतला याचं वाईट वाटतं. पण तुझ्या पत्राची शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. प्रफुलदादाने घंटी दिली, असं लिहिलं आहेस. तू लिहिलं आहेस, वहिनीने नाही. पोरी, मला आता तुझ्या आईपेक्षा तुझी काळजी लागली आहे.

सुरेंद्रने नंबर लावला. कोणी उचलत नाही म्हणतो.

तू थोडे दिवस इकडे ये. आचललाही सोबत होईल. भातकापणी झाली की भाऊ तुला गाडीत बसवून देईल, स्टेशनवर सुरेंद्र घ्यायला येईल. नाही म्हणू नकोस. संध्याकाळी त्या घाटावर उभी राहू नकोस, एवढं तरी माझं ऐक.

तुझी आत्या,
वच्छला


घाटटोला
१४ जानेवारी २००८

ती. आत्यास नमस्कार.

तुझी मधली दोन पत्रं मिळाली. उत्तराला उशीर झाला, माफ कर.

नागभीडला येणं जमणार नाही. कॉलेजही मी सध्या सोडलं आहे. चामोर्शीची परतीची गाडी उशिरा येते आणि दिवेलागणीला मी घरी पोचत नाही. आता आम्ही तिघंही घाटावर जातो. परवा तर आईच्या आधी बाबाच टोपली घेऊन निघाले.

सुरेंद्रदादाला सांग, त्या नंबरवर पुन्हा फोन लावू नको. मागे एकदा संध्याकाळी आईला नंबर बिझी लागला, तेव्हा ती उंबऱ्यावर बसून राहिली. पाणीही घेतलं नाही तिने. तुम्ही दूर आहात, तुम्हाला ते दिसत नाही.

दहाव्याचं पुन्हा विचारू नकोस. घरात ते सामान अजून ओसरीत आहे, पण कोणी त्याकडे बघत नाही. आई जेवते आहे, हसते आहे. चाललंय ते चालू द्या.

रीता


नागभीड
२६ जानेवारी २००८

चि. रीता,

हे पत्र सुरेंद्र स्वतः आणून तुझ्या हातात देईल. तू आधी वाच, मग भाऊला वाचून दाखव. वहिनीला आता काही सांगू नका.

नोव्हेंबरात मी तुला लिहिलं की कोणी फोन उचलत नाही. ते खरं नव्हतं. सुरेंद्रने लावला तेव्हा एका पुरुषाने उचलला होता. तो तेलुगूत काहीतरी बोलला आणि त्याने ठेवून दिला. सुरेंद्रला ते कळलं नाही, पण तो आवाज प्रफुलचा नव्हता एवढं कळलं. आणि तेच मला तुला लिहवेना. मला वाटलं होतं, तू इथे आलीस की समोर बसवून सांगीन. तू आलीच नाहीस. तुझं शेवटचं पत्र आलं तेव्हा मात्र माझं काळीज हललं. एक माणूस बुडालं ते बुडालं, आता त्याच्यामागे अख्खं घर पायरी पायरीने पाण्यात उतरतंय.

इथे सिरोंच्याकडचा एक मिरची व्यापारी येतो. सुरेंद्रने भरदुपारी त्याला दुकानात बसवून त्या नंबरवर बोलायला लावलं. पलीकडचा माणूस ढिवरच आहे, आपल्यासारखा मासे धरणारा. नाव लच्छू. सिरोंच्याच्या अलीकडे नदीकाठच्या गावात राहतो. त्याने एवढंच विचारलं की रोज घंटी देणारी बाई त्या पोराची आई आहे का. हो म्हटल्यावर म्हणाला की माणसं पाठवा, मी दाखवतो, हे फोनवर सांगायचं नाही.

मला जे कळलं ते तुलाही कळलं असेल. रड, पण जा. सुरेंद्र जीप घेऊन आलाय. सुगंधाबाईला म्हणावं, प्रेताची भीती पुरे झाली, दोन दिवस जित्या बाईपाशी येऊन बस.

तुझी आत्या,
वच्छला


घाटटोला
३ फेब्रुवारी २००८

ती. आत्या,

आम्ही जाऊन आलो. सगळं लिहिते, कारण बाबा तुला सांगू शकणार नाहीत.

लच्छू बाबांच्याच वयाचा आहे. थोडी हिंदी येते, बाकी तेलुगूच. सोबत तो मिरचीवाला होता म्हणून बोलणं झालं. त्याने आधी आम्हाला चहा दिला. मग नदीवर नेलं. नदी आता बारीक झाली आहे, रेतीच रेती. जिथे पुराचं पाणी पोचत नाही अशा उंचावर एक ताड आहे. त्याच्याखाली दगड रचलेले होते आणि वर कोणीतरी झेंडूची फुलं ठेवली होती. बाबा तिथेच खाली बसले.

पुरात त्यांच्या गावच्या वळणावर दादा वाहत येऊन लागला. ओळखण्यासारखा राहिला नव्हता. त्यांनी त्याला ओढून रेतीवर ठेवलं. दिवेलागणीची वेळ होती. आणि आत्या, त्याच्या कमरेच्या बरणीत फोन वाजला. एक घंटी. सगळी माणसं डोंगे सोडून पळाली म्हणे. लच्छू तेवढा थांबला. त्याने रबर काढून झाकण उघडलं, तर आत फोन कोरडा होता.

त्याला कोणी काही शिकवायची गरज नव्हती. त्याच्या गावातही बाया अशीच घंटी देतात. तो म्हणाला, मी ओळखलं की कुठेतरी एक बाई चूल पेटवून बसली आहे आणि विचारते आहे, काठाला लागलास का. तिची भाषा मला येत नाही. मेला, हे कोणत्या भाषेत सांगू? आणि काठाला तर तो लागलाच होता, माझ्या समोर होता. म्हणून मी एक घंटी परत दिली.

एकाच दिवसापुरती द्यायची असं त्याने ठरवलं होतं. गावच्या पाटलाला कळवलं, नवं कापड घालून दादाला मातीत ठेवलं आणि वाटलं की आता कोणी विचारत येईल. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा घंटी आली. मग त्याच्याने ते सोडवेना. लग्नाला गेला तरी फोन सोबत नेत होता. घरचे त्याला म्हणत, हे मेलेल्याचं लफडं नदीत फेक. मी बूथवरून दादा म्हटलं, तेवढं त्याला समजलं होतं. तो म्हणाला, त्या रात्री मी न जेवताच उठलो.

मी त्याच्यावर रागवायचं ठरवून गेले होते. त्याच्यामुळे आमच्या घराचं काय झालं, ते सांगायचं होतं. पण त्याआधीच बाबांनी त्याचे पाय धरले आणि त्याने बाबांना उचलून छातीशी घेतलं.

ऊन कललं. आम्ही ताडाखालीच होतो. लच्छूच्या खिशात फोन वाजला. आईची घंटी. एक वाजली आणि थांबली. लच्छूने फोन माझ्यापुढे धरला. मला कळलं की आता हे काम त्याचं नाही.

एक घंटी देऊन बंद करावी, असं खूप वाटलं. बोट तिथेच होतं. आईने भात टाकला असता, जेवली असती. मी फोन लावला आणि वाजू दिला.

सुगंधाबाईने मला पुढचं सांगितलं. एक घंटी झाली तेव्हा आई तांदूळ धुवायला उठली. दुसरी वाजली तेव्हा म्हणाली, उशीर हाये म्हनते. तिसरी वाजली तेव्हा ती नुसती फोनकडे बघत राहिली. तिसरीचा अर्थ दादाने तिला शिकवला नव्हता. मग तिने उचलला.

"आई, मी रीता बोलून राह्यली."

ती म्हणाली, "त्याच्या फोनातून?"

"हो."

"तो कुठी हाये?"

"इथीच हाये, आई. ताडाखाली. या लोकायनं त्याले मातीत ठेवलं."

मला वाटलं ती फोन टाकून देईल, नाहीतर मला शिव्या देईल. पलीकडे चुलीत लाकूड तडतडत होतं, ते मला ऐकू येत होतं.

"काठाले लागला होता ना?" तिने विचारलं.

"हो आई. लागला होता."

मग तिने फोन ठेवला, पण तिला तो बंद करायचं सुचलं नाही. मी कानाला लावून उभी होते. ऑगस्टपासून आई एकदाही रडली नव्हती, आत्या. ती रडत होती आणि मी तिकडे, इतक्या दूर, ते ऐकत होते. बॅटरी संपेपर्यंत ऐकत राहिले.

दहावा आता पुढच्या सोमवारी मार्कंड्याच्या घाटावर करायचा आहे. तू ये.

तुझी,
रीता


नागभीड
६ फेब्रुवारी २००८

चि. रीता,

रविवारच्या गाडीने आम्ही सगळे येतो. सुरेंद्रला मी दुकान बंद ठेवायला लावलं आहे. वहिनीला म्हणावं, मी तिच्याजवळ निजेन.

वच्छला


घाटटोला
२१ जुलै २००८

ती. आत्यास नमस्कार.

तुझा काल फोन आला तेव्हा आई किती वेळ बोलत होती ना. तरी पत्र लिहिते, काही गोष्टी तिच्यासमोर फोनवर बोलता येत नाहीत.

फोन आता तिच्या गळ्यात नसतो, देवळीत असतो. मासळीवाला पुन्हा यायला लागलाय. मी कॉलेजला जाते आणि उशीर झाला तर मीच दोन घंट्या देते. दहाव्याला नदीच्या वरच्या अंगाचे, वडशाकडचे पाहुणे आले होते ते तुला आठवत असतील. त्यांच्या पंगतीत जाऊन आईने सरळ विचारलं होतं, "पानी वाढलं तं तुमाले आधी दिसते ना? मंग आमाले काऊन नाई सांगत?" यंदा पाणी चढलं की वडशाहून आईला फोन येतो. ती घाटावर जाऊन एकेकाला नावाने हाक मारते, डोंगे वर ओढायला लावते आणि मग खाली लच्छूला कळवते. तिला तेलुगू येत नाही, त्याला मराठी येत नाही. तरी एकमेकांच्या भाषेतला पाणी हा शब्द दोघांनी पाठ केला आहे.

दादाचा फोन आईने लच्छूलाच ठेवायला सांगितला. नदीवर जाणाऱ्यापाशी असू दे म्हणाली. परवा मोठं पाणी आलं. आपल्या गावचा एकही माणूस नदीत नव्हता. आईने खाली कळवलं आणि अंधार पडेपर्यंत फोनजवळ बसून राहिली. शेवटी एक घंटी आली. लच्छू काठाला लागला होता.

फोनवर अजून 'प्रफुल' असंच येतं. मी म्हटलं, आई, नाव बदलून देऊ का, लच्छू करते. तिने फोन माझ्या हातातून घेतला, पदराने पुसला आणि देवळीत ठेवला. म्हणाली, "राहू दे. आता पह्यलं भात टाकू दे मले."

तिने तांदूळ घेतले. आम्ही घरात तिघं आहोत, पण ती चौघांचे घेते. मी चूल पेटवते.

तुझी,
रीता